दिवे मालवायचा खेळ

डोळे मिटा पाहू. पूर्ण मिटायचे नसतील तर अर्धे मिटा, अर्ध्या डोळ्यांनाही पुष्कळ दिसतं. आता असं समजा, की संध्याकाळ उतरली आहे आणि तुमच्यासमोर एक गाव आहे. टेकडीवर चढत गेलेलं, लहानसं. प्रत्येक घराला एक खिडकी आणि प्रत्येक खिडकीत एक दिवा. गावातल्या सगळ्यांना झोप आली आहे, पण दिवा मालवायला कोणी उठत नाही. तुमच्याही घरी असंच चालतं, मला ठाऊक आहे. ‘तू ऊठ’, ‘मी का, तू ऊठ’, आणि दिवा आपला जळतोय. तर ते काम आता तुमच्याकडे आलं आहे. तुम्ही माणूस नाही, वाऱ्याची एक झुळूक आहात. हळूच एका खिडकीशी जायचं. आतल्या माणसाच्या मनात दिवसाचा शेवटचा विचार चाललेला असतो, तो ऐकून घ्यायचा. मग फुंकर. दिवा मालवला की पुढची खिडकी. घाई केलीत, तर मालवलेला दिवा पुन्हा पेटतो. एवढाच खेळ.

दिसलं गाव? मग आता डोळे उघडा, कारण पुढची गोष्ट उघड्या डोळ्यांनी ऐकायची आहे. हे गाव खरोखर होतं. एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलाच्या भिंतीकडच्या टोकाला एक जुना कॉम्प्युटर होता, त्यात ते वसलं होतं. ते वसवणारे गृहस्थ वीज कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसत. म्हणून इमारतीतली मुलं त्यांना फ्यूजकाका म्हणत, मोठी माणसं फ्यूजसाहेब म्हणत, आणि त्यांची बायको त्यांना ‘अहो, तो कॉम्प्युटर जरा सरकवा, ताटं ठेवायचीत’ असं म्हणे.

कचेरीत काकांना दिवसभर एकच वाक्य ऐकू येई. ‘आमच्याकडे दिवे गेलेत.’ आणि लोक ते अशा सुरात म्हणत, की जणू काकाच घरोघर जाऊन फुंकर मारून आले आहेत. वर्षानुवर्षं हे ऐकून माणसाचं दोनपैकी एक होतं. एक तर तो चिडका होतो, नाहीतर त्याच्या मनात एखादी वेडी कल्पना येते. काकांच्या मनात आलं, की दिवा जाणं ही दरवेळी तक्रारच का असावी? दिवा गेला म्हणून कोणाला बरं वाटेल असं एखादं गाव का नसावं? झालं. संध्याकाळी चहा पिऊन ते कॉम्प्युटरपुढे बसू लागले. खेळ कसे बनवतात ते काही त्यांनी कुठे शिकलेलं नव्हतं. पण तक्रारीच्या खिडकीवर बसणाऱ्याकडे एक गोष्ट अमाप असते, ती म्हणजे धीर.

गाव काढलं मात्र त्यांच्या मुलीनं. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कोणी पाहिली नव्हती, आणि तिच्या खिशात कायम बिस्किटाचा तुकडा असे. ही मुंगी गाव काढायला मात्र तासन्‌तास मांडी घालून बसली. घरं तिनं काढली, खिडक्या तिनं काढल्या, आणि झोपाळू माणसांचे शेवटचे विचारही तिनंच लिहिले. एका खिडकीतला शिंपी मनाशी म्हणतो, ‘उद्या त्या कोटाच्या दोन्ही बाह्या सारख्या करून टाकू, म्हणजे वाद नको.’ एक बाई म्हणतात, ‘छत्री कुणाकडे राहिली ते आठवलं, पण आता उठून कोण सांगणार.’ एक मूल म्हणतं, ‘दात पडला की जिभेला नवीन खोली मिळते.’ आणि टेकडीच्या अगदी टोकाला, शेवटच्या खिडकीत, एक माणूस नुसता येरझारा घालतो. त्याची सावली पडद्यावर इकडून तिकडे जाते, तिकडून इकडे येते.

“याच्यावर कितीही फुंकर घातली तरी दिवा जात नाही,” मुंगीनं नियम सांगितला.

“मग करायचं काय?” काकांनी विचारलं.

“काही नाही. खिडकीशी बसायचं. त्याचं चालणं थांबलं की तो स्वतःच मालवतो.”

“आणि चालणं कधी थांबतं?”

“त्याला झोप आली की,” मुंगी म्हणाली. एवढं साधं कसं कळत नाही, असा तिचा चेहरा झाला.

तो माणूस कोण, हे काकांना वेगळं सांगायला नको होतं. त्यांच्या डोक्यावर, म्हणजे चौथ्या मजल्यावर, एक वकील एकटेच राहत. त्यांना झोप येत नसे. कोर्टात तारखा पडतात ना, तशी झोप त्यांना नेहमी पुढची तारीख देई. मग ते चालत राहत. हॉलमधून आत, आतून हॉलमध्ये. मुंगी अगदी पाळण्यात होती तेव्हापासून छतावरची ती पावलं ऐकत झोपत आली होती. तिला वाटे, सगळ्यांच्याच घरी छत चालतं.

खेळ तयार झाला तेव्हा काकांनी मुंगीला शब्द दिला. “खेळांचं एक ऑनलाइन दुकान आहे. तिथे तुझं गाव लागलं ना, की कोणीही, कुठूनही, तुझ्या गावात येऊ शकेल.”

“अगदी अनोळखी माणसंसुद्धा?”

“अनोळखीच जास्त.”

मुंगीनं त्या रात्री खिशातलं बिस्कीट उशाशी ठेवलं, पाहुणे आले तर असावं म्हणून. लहान मुलाला शब्द देणं सोपं असतं. तो पाळताना मोठ्या माणसाची काय गत होते, ते आता ऐका.

त्या दुकानाची रीत अशी होती, की नवा खेळ एकदम फळीवर मांडत नसत. आधी तो उमेदवारांच्या पानावर ठेवायचा. लोकांनी खेळून पाहायचं आणि ‘हवा’ किंवा ‘नको’ असं मत द्यायचं. महिनाअखेरपर्यंत पुरेसे ‘हवा’ जमले तर खेळ दुकानात. नाही जमले तर पान बंद, आणि तोच खेळ पुन्हा कधीही आणायचा नाही. नाव नोंदवताना दुकानानं विचारलं, खेळाचा प्रकार कोणता? मारामारी, शर्यत, कोडी, इतर. काकांनी ‘इतर’ निवडलं. इतर म्हणजे काय? काकांनी लिहिलं, ‘झुळूक’. मग दुकानानं विचारलं, खेळातला शत्रू कोण? हा रकाना रिकामा सोडायची सोय नव्हती. काका विचारात पडले. त्यांना सगळ्या गावात एकही शत्रू सापडेना. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘घाई’. दुकानानं ते निमूटपणे घेतलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण शेवटी एक चौकोन आला. ‘मत केव्हा देता यावं? केव्हाही, की खेळ पूर्ण केल्यावरच?’ आता तुम्ही-आम्ही असतो तर ‘केव्हाही’वर खूण करून मोकळे झालो असतो. पण काकांचा सगळा जन्म, अर्ज न वाचता सही ठोकणारी माणसं पाहण्यात गेला होता. त्यांनी ताठ मानेनं ‘पूर्ण केल्यावरच’वर खूण केली. मग दुकान म्हणालं, ही खूण आता बदलता येणार नाही. काका म्हणाले, “बदलतो कोण.” हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

बातमी इमारतीत पसरायला जिना पुरला. आणि सल्ला ही वस्तू अशी आहे, की ती न मागता घरपोच येते. समोरच्या शिकवणीच्या बाई चपला काढून आत आल्या आणि म्हणाल्या, “कल्पना चांगली आहे हो, पण मुलांच्या हाताला काय लागणार? प्रत्येक दिव्याला एक पाढा घाला. पाढा आला तरच दिवा जाईल.” तळमजल्यावरचा व्यायामशाळेवाला दारातूनच म्हणाला, “काका, यात मारामारी कुठंय? निदान एखादा वाघ तरी?” सोसायटीचे अध्यक्ष सावकाश आले, खुर्चीत बसले आणि चहा येईपर्यंत काही बोलले नाहीत.

“गाव आहे म्हणता,” चहा आल्यावर ते म्हणाले. “मग अध्यक्ष कुठे आहे?”

“अजून नेमलेला नाही,” काका म्हणाले.

“तिथेच चुकतंय. असो. मतांची काळजी तुम्ही करू नका, फ्यूजसाहेब. या इमारतीत मत माझ्या शब्दाबाहेर जात नाही. गच्चीला रंग कोणता, ते एकमतानं ठरलं. पंपाची वेळ, एकमतानं. तुमचा खेळ म्हणजे किस झाड की पत्ती.”

“पण सगळ्यांनी तो पूर्ण खेळायला हवा,” काकांनी अडखळत सांगितलं.

“खेळतील की. बसवतो एकत्र.”

आणि एका सुट्टीच्या दुपारी अध्यक्षांनी खरंच सगळ्यांना सोसायटीच्या हॉलमध्ये बसवलं. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीला काकांचा कॉम्प्युटर जोडला. प्रत्येकानं आपापला मोबाइल तयार ठेवला, टीव्हीवर बघायचं आणि तसंच मोबाइलवर करायचं. पडदे ओढले. टेकडीवरचं गाव भिंतीवर उगवलं. मुंगी सगळ्यात पुढे बसून लोकांचे चेहरे पाहत होती.

पहिला दिवा मालवला तेव्हा व्यायामशाळेवाल्यानं खुर्चीत पाय लांब केले. शिंप्याच्या खिडकीशी शिकवणीच्या बाई हसल्या आणि त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. छत्रीच्या बाईंपर्यंत आल्यावर मागच्या रांगेतून एक जांभई निघाली. जांभई फार मिळून-मिसळून वागणारी असते, ती एकट्याकडे राहत नाही. रांगेरांगेनं पुढे येत ती अध्यक्षांपर्यंत पोचली. अध्यक्षांनी तिला सन्मानानं वाट करून दिली. मग एकेक मान कलली. एकेक मोबाइल मांडीवरून घसरला. गावातले दिवे निम्मे शिल्लक होते आणि हॉलमध्ये जागी माणसं तीनच. मुंगी, मुंगीची आई, आणि काका.

काका उभे राहिले. बाहेर कुठूनतरी झऱ्यासारखा आवाज येत होता. हॉलमध्ये सगळ्यांचे श्वास एका लयीत चाललेले, टीव्हीचा निळसर उजेड त्यांच्या कपाळांवर, आणि टेकडीवरचं गाव शांतपणे वाट पाहत होतं. असं काही काकांनी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हे झालं असतं तर त्यांना फार सुंदर वाटलं असतं. पण नाटक रंगात आलं असताना सगळं थिएटर घोरू लागलं, तर नटाला काय वाटत असेल, ते त्यांना त्या क्षणी समजलं.

झऱ्याचं कोडंही लवकरच सुटलं. पंप बंद करायचं काम अध्यक्षांचं होतं. टाकी भरून वाहत होती आणि पाणी जिन्यावरून पायरी पायरीनं खाली उतरत होतं. हॉलच्या दारातून ते आत आलं, सर्वात आधी शिकवणीच्या बाईंच्या तळव्यांना लागलं, आणि मग इमारत जागी झाली.

“मी डोळे मिटून विचार करत होतो,” अध्यक्ष भिजलेले मोजे काढत म्हणाले.

मतं किती पडली म्हणाल, तर ‘हवा’ एकही नाही आणि ‘नको’ही एकही नाही. विरोध तरी झाला असता, तर निदान कोणी जागं होतं असं म्हणता आलं असतं.

पुढचे दिवस काकांना फार कठीण गेले. लोक वाईट बोलत नव्हते, तेच वाईट होतं. भाजी घेऊन येणारी माणसं जिन्यात थांबून म्हणत, “काय छान झोप लागली हो परवा.” व्यायामशाळेवाला म्हणे, “काका, हा दातांच्या डॉक्टरला विका.” काकांचा चेहरा असा झाला, की कचेरीत तक्रार घेऊन आलेला एक माणूस त्यांच्याकडे बघून तक्रार न करताच परत गेला. शेवटी एका संध्याकाळी ते टेबलाशी बसले आणि कोणाशी न बोलता त्यांनी गावात वाघ सोडला.

वाघाचं चित्र बरं जमलं होतं. डरकाळी मिळत नव्हती, तेव्हा व्यायामशाळेवाला सर्वात जड वजन उचलताना जो आवाज काढतो, तो त्याच्याकडून मागून घेतला. झुळूक गल्लीच्या मध्यावर आली की वाघ डरकाळी फोडी. गावातले सगळे मालवलेले दिवे दचकून पुन्हा पेटत. आता मात्र कोणी झोपेना. लोक टक्क डोळ्यांनी शेवटपर्यंत खेळले, आणि शेवटी येऊन जागेपणी, विचारपूर्वक, ‘नको’ दाबू लागले. एकानं शेराही लिहिला. ‘वाघ छान आहे. गाव काढून टाका.’

मुंगीनं एकदाच खेळून पाहिलं. मग ती उठून गॅलरीत जाऊन बसली. मुंगी बसली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“काय झालं ग?” काका मागोमाग गेले.

“माझ्या गावात आता कुणाला झोप नाही येत,” ती म्हणाली. “सगळे त्या शेवटच्या माणसासारखे झाले.”

मुंगीची आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे एक भिंग सरकवायचं, मग दुसरं, आणि विचारायचं. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली, कॉम्प्युटरशी उभी राहिली, आणि वाघाच्या आधीचा खेळ नि वाघाच्या नंतरचा खेळ तिनं काकांना एकामागून एक दाखवला.

“हे बरं, की आधीचं बरं?” तिनं विचारलं. अगदी दुकानातल्या सुरात.

“लोक म्हणतात—”

“लोकांचा नंबर नाही काढत मी आत्ता. तुमचा काढतेय. हे बरं, की आधीचं?”

“आधीचं,” काका म्हणाले.

“मग हे काढा. उगाच चुकीच्या नंबरचा चष्मा लावला की डोकंच दुखणार.”

वाघ काढायचा ठरला खरा, पण घरात घेतलेला पाहुणा आणि खेळात घेतलेला वाघ सहजासहजी निघत नाहीत. काकांनी चित्र पुसलं तर डरकाळी मागे राहिली. डरकाळी शोधून काढली तर छत्रीच्या बाईंचा दिवाच नाहीसा झाला. वाघ परत आणला तेव्हा कुठे बाईंचा दिवा परत आला. कचेरीत एक तार ओढली की दुसऱ्याच मजल्यावरचा पंखा बंद पडतो, तसलं हे काम. काका कपाळाला हात लावून बसले असताना मुंगी शेजारी येऊन उभी राहिली.

“त्याला काढू नका, बाबा. तोही दमला असेल. झोपवूया.”

तिनं वाघ पुन्हा रेखाटला, विहिरीच्या कडेला, पाय पोटाशी घेतलेला. त्याचा शेवटचा विचारही लिहिला. ‘उद्या कुणाला तरी घाबरवायचंय. पण सकाळी सकाळी नको.’ आणि डरकाळीचा वेग काकांनी अगदी कमी केला, तेव्हा तिचं आपोआप संथ घोरणं झालं. व्यायामशाळेवाल्यानं ते ऐकलं आणि तो म्हणाला, “हा मी नव्हे.” त्याच्या बायकोनं आतून सांगितलं, की हाच.

मग हळूहळू मतं येऊ लागली. कोण कुठली माणसं होती ती. कोणी लिहिलं, की रोज थोडं थोडं खेळत, मध्ये झोपत, आठवड्यानं शेवटाला पोचलो. अध्यक्षही असेच डुलक्या घेत घेत पोचले आणि त्यांनी ‘हवा’ दाबल्याचं सूचनाफलकावर जाहीर केलं. शिकवणीच्या बाईंनी पाढ्यांचा आग्रह सोडून मत दिलं. आकडा वर चढत होता, आणि महिना संपत येत होता.

नेमकी तेव्हाच वरच्या वकिलांची नोटीस आली. दार वाजवून हातात देता आली असती, पण त्यांनी ती रीतसर पोस्टानं पाठवली, चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यावर. ‘सदर खेळातील शेवटच्या खिडकीत येरझारा घालणारा इसम अस्मादिकच असल्याचे विश्वसनीयरीत्या समजते. अस्मादिकांच्या चालण्याचा विनापरवाना वापर का करण्यात आला, याचा खुलासा करावा.’

काका क्षमा मागायला वर गेले. दार उघडंच होतं, वकिलांना चालायला सलग जागा लागे. सगळ्या खोल्यांत दिवे लावलेले, दिवसासुद्धा. वकील चालत होते आणि ऐकायचं तर काकांनाही मागोमाग चालावं लागलं.

“मुलीनं काढलंय, साहेब,” काका चालता चालता म्हणाले. “लहानपणापासून तुमची पावलं ऐकत झोपते ती.”

वकील दारापाशी वळले. “माझ्या पावलांनी कोणाला झोप येते?”

“तिला येते.”

“चमत्कारिक आहे,” वकील म्हणाले आणि परत आतल्या दिशेनं निघाले. “मलाच कशी येत नाही मग? बरं. पुरावा पाहिल्याशिवाय मी कशाचीच तडजोड करत नाही. तो खेळ इथे आणून लावा. शेवटपर्यंत बघेन आणि मग काय ते ठरवेन.”

“शेवटच्या खिडकीशी जरा बसून थांबावं लागतं, साहेब.”

“बसून?” वकिलांनी हा शब्द परक्या भाषेतला असावा तसा उच्चारला.

काकांनी खेळ त्यांच्या कॉम्प्युटरवर लावून दिला आणि खाली आले. महिन्याचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळी मतदान संपणार होतं, आणि पुरेशा मतांना एकच मत कमी होतं.

ऊन उतरलं. काकांच्या घरात अध्यक्ष येऊन बसले होते, कारण एकमताचा शब्द त्यांनी दिला होता. मुंगीची आई दुकानातून लवकर आली होती. कॉम्प्युटरवरचा आकडा जागचा हलत नव्हता. वर पावलं चालली होती, हॉलमधून आत, आतून हॉलमध्ये. बाहेरचा उजेड आधी पिवळा झाला, मग तांबूस, मग त्याला रंगच उरला नाही. आणि मुंगीनं एकदम मान वर केली.

“छत थांबलं,” ती म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. इतकी वर्षं ज्या आवाजाकडे कोणाचं लक्ष नव्हतं, तो नाही म्हटल्यावर घर एकदम मोठं वाटू लागलं. काकांच्या मनात काय काय येऊन गेलं ते मी सांगत नाही. ते उठले आणि जिना चढू लागले. मागे मुंगी, तिची आई, आणि धापा टाकत अध्यक्ष.

दार उघडंच होतं. वकील टेबलाशी खुर्चीत बसले होते. मान खांद्यावर कललेली, तोंड किंचित उघडं, उजवा हात माऊसवर. आणि छाती संथपणे वरखाली होत होती. समोरच्या पडद्यावर टेकडीवरचं सगळं गाव अंधारात होतं. शेवटची खिडकीसुद्धा. तिथली सावली थांबली होती आणि दिवा तिनं आपल्या हातानं मालवला होता. काळ्या आकाशात फक्त दोन बटणं उजळली होती. ‘हवा’. ‘नको’. माऊसचा बाण ‘हवा’च्या जरासा अलीकडे येऊन थांबला होता.

“फ्यूजसाहेब,” अध्यक्ष अगदी दबक्या आवाजात म्हणाले, “बोट त्यांचंच आहे. नुसतं इतकं सरकवायचं आणि दाबायचं. त्यांचं बोट, त्यांचं मत. कोण विचारतंय?”

काकांनी मुंगीकडे पाहिलं. शब्द तिला दिला होता, गाव तिचं होतं.

पुढे त्या मताचं काय झालं, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. वकील उठले ते दुसऱ्या दिवशी, उन्हं चांगली वर आल्यावर. त्यांनी ‘हवा’ दाबलं, तर मुदत संपलेली. ते तडक खाली आले. त्यांचा चेहरा इस्त्री केल्यासारखा दिसत होता. “कोणाच्या अधिकारात मला झोपू दिलंत?” त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता काकांच्या जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी दुकानाला विलंबमाफीचा अर्ज लिहिला. विलंबाचं कारण, ‘अर्जदार खेळामुळे झोपी गेला’. असा आनंदानं अर्ज लिहिलेला मी तरी दुसरा ऐकला नाही. दुकानानं कळवलं, की कारण खरं आहे का हे आमचे परीक्षक स्वतः खेळून तपासतील. मग बरेच दिवस काहीच उत्तर नाही. काकांनी आशा सोडली, मुंगीनं सोडली नाही. शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं. ‘अर्ज मंजूर. खेळ दुकानात घेतला आहे. उत्तराला झालेल्या विलंबाचे कारण अर्जात नमूद केलेलेच समजावे.’

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी, त्या खोलीत, यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. घड्याळ पुढे सरकत होतं, अध्यक्ष खुणा करत होते, काका श्वास रोखून उभे होते, आणि माऊसचा बाण बटणापासून केसभर अंतरावर होता.

मुंगी पुढे गेली. टाचा उचलून, झुळूक जाते तशी. तिनं वकिलांचा हात अलगद माऊसवरून उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. खिशातला बिस्किटाचा तुकडा काढून त्यांच्या शेजारी ठेवला. मग टेबलावरच्या दिव्याशी वाकून तिनं हलकेच फुंकर घातली. विजेचा दिवा तो, फुंकरीनं थोडाच जातोय. तिनं मागे वळून बाबांकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि बटण दाबलं. दिव्याचं.